पुण्याच्या फ्लॅटमधून हॅम रेडिओ ऐकतोय, अँटेना मात्र नेदरलँड्सचा : आणखी कुणी ऐकतं का?

उंबरठा

नमस्कार मंडळी,

माझे बाबा तार ऑफिसात होते, एकतीस वर्षं. जुलै २०१३ मध्ये देशातली तारसेवा बंद झाली तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, तरी त्या रात्री ते जेवले नाहीत. आता ८१ चे आहेत. गुडघे दुखतात, बाहेर फारसं जाणं होत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी शॉर्टवेव्हचा एक चांगला रेडिओ घेतला होता. हॅम मंडळींचं, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांचं, मोर्स (तारेची डॉट-डॅशची लिपी) ऐकायला मिळेल, एवढीच इच्छा. पण आमच्या सोसायटीत सगळ्या पट्टीवर नुसती घरघर. एलईडी ट्यूब, इन्व्हर्टर, लिफ्टची मोटर, शेजारच्या छतावरचं सोलर. घरातला मेन स्विच बंद करून बघितला, आमचा वाटा गेला, बाकीच्यांचा तसाच. रेडिओ कपाटात गेला.

मग जूनमध्ये नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठातला वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून कुणालाही ऐकता येणारा रेडिओ रिसीव्हर, सापडला. पान उघडलं, १४ मेगाहर्ट्झच्या खालच्या टोकाला गेलो आणि स्पीकरमधून स्वच्छ शिट्टीसारखं मोर्स आलं. बाबा आतल्या खोलीत होते. भिंतीला धरत बाहेर आले आणि म्हणाले, "कोण मारतंय?"

आता रोज संध्याकाळी बसतो. मला यातलं फार कळत नाही, म्हणून विचारतोय. कोणत्या वेळी काय ऐकू येतं? हळू मोर्स कुठे मिळेल? आणि आपल्याकडचं कुणी हवेवर असतं का?

---

आइंडहोवनकर

धागा वाचून फार बरं वाटलं. मी इथेच नेदरलँड्समध्ये राहतो, ट्वेंटे विद्यापीठाच्या गावापासून, एन्सखेडेपासून, गाडीने दोन-अडीच तासांवर. तुम्ही ऐकता त्या रिसीव्हरची गोष्ट सांगतो.

पीटर-च्यर्क द बूर हे तिथल्या विद्यापीठातले, स्वतः हॅम, कॉल साइन (हवेवरची ओळख) पीए३एफडब्ल्यूएम. ड्विंगलो गावात १९५६ सालची २५ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे. चंद्रावर आदळून परतणारे हॅम संदेश त्या दुर्बिणीतून एकाच वेळी पुष्कळ जणांना ऐकता यावेत, यासाठी २००७ च्या नाताळाच्या सुमारास त्यांनी हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. दुर्बिणीवर चढवण्याआधी चाचणी हवी म्हणून विद्यापीठाच्या रेडिओ क्लबात शॉर्टवेव्हसाठी एक रिसीव्हर लावला. लोकांना तोच इतका आवडला की मूळ चाचणीच प्रसिद्ध झाली. मधे २०१० ते २०१२ बंद होता. परत आला तो जवळजवळ शून्यापासून २९ मेगाहर्ट्झपर्यंतची सगळी पट्टी एकदम घेऊन.

गंमत अँटेनाची आहे. एवढ्या जगाला ऐकवणारा तो अँटेना हाताच्या पंज्याएवढा आहे. मिनी-व्हिप म्हणतात त्याला. इमारतीच्या छतावर उंच काठीवर बसवलाय. आकारापेक्षा जागा महत्त्वाची, हे मला त्यावरून पटलं.

---

शून्यबीट

उंबरठा, वडिलांबद्दल वाचून आनंद झाला, तो वेगळा विषय. पण एक स्पष्ट बोलतो. चाळीस वर्षं हॅम आहे. इंटरनेटवरून दुसऱ्याचा रिसीव्हर ऐकणं हे रेडिओ ऐकणं नव्हे. रेडिओची लहर हॉलंडातच थांबली, पुढचा सगळा प्रवास केबलमधून. छतावर डायपोल टाका, म्हणजे मधून जोडलेल्या दोन तारांचा साधा अँटेना. २० मीटर बँडसाठी (१४ मेगाहर्ट्झ) सगळी मिळून १० मीटर तार लागते, ४० मीटर बँडसाठी (७ मेगाहर्ट्झ) २० मीटर. खर्च किरकोळ. स्वतःच्या तारेत आलेला कमजोर सिग्नल कानात पकडणं यासारखं सुख नाही. ती मेहनत टाळली की ऐकण्याची सवय लागत नाही.

---

उंबरठा

सर, तुमचं म्हणणं कळतं. तारेसाठी सोसायटीकडे दोनदा अर्ज केला. वीज पडेल, गच्ची गळेल, अशी कारणं सांगून दोन्ही वेळा नाही म्हणाले. आणि तार टाकली तरी खाली तीस फ्लॅटांची घरघर आहेच.

मेहनतीचं म्हणाल तर ती मी समोर बघतोय. तार ऑफिसात साउंडर असायचा, कडकट्ट कडकट्ट वाजणारा. दोन कट्टमधल्या अंतरावरून डॉट की डॅश ते ओळखायचं. इथे नुसती शिट्टी, छोटी किंवा लांब. पहिले आठ दिवस बाबांना एक शब्द लागत नव्हता. लिपी तीच, पण कान वेगळा लागतो. नवव्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं: सीक्यू, म्हणजे "कुणी आहे का?" अशी हाक. डा-डि-डा-डिट, डा-डा-डि-डा. मी जन्मात पहिल्यांदा त्यांना मोर्स लिहिताना पाहिलं.

---

पांढरी_काठी

मी दृष्टिहीन आहे. वेबएसडीआरच्या पानावर दृश्य निवडायची सोय आहे, त्यात एक पर्याय खास अंधांसाठी ठेवलेला आहे. तो निवडला की स्क्रीनवर वाहणारा, सिग्नल दाखवणारा रंगीत धबधबा जातो, फक्त ऐकणं आणि आकडा टाकणं उरतं. स्क्रीन रीडरला अडथळा येत नाही. ज्याने हे सॉफ्टवेअर लिहिलं त्याने आमचा विचार केला होता, हे मला विसरता येत नाही.

शून्यबीट काका, रागावू नका. मला छतावर चढता येत नाही. पण १४२०० किलोहर्ट्झच्या आसपास कोण कुठल्या देशातला बोलतोय हे मी इंग्रजीच्या ढबीवरून ओळखतो. रशियन माणूस आकडे कसे म्हणतो, इटालियन शेवटचा स्वर कसा ओढतो. सवय लागते. मला लागली.

---

नवशिकी

मस्त धागा! मी आत्ताच उघडून बघितलं. पण माणसं बदकासारखी बोलतायत, शब्द लागत नाही. मोबाइलवर ऐकतेय म्हणून असेल का? आणि तो निळा-पिवळा धबधबा कसा वाचायचा?

---

खारेवारे

नवशिकी, मोबाइलचा दोष नाही. हॅम लोक बोलताना आवाजाची एकच बाजू पाठवतात, सिंगल साइडबँड. त्यात मूळ वाहक लहर नसते, ती रिसीव्हरने आपली घालायची. ती थोडी इकडेतिकडे पडली की बदक किंवा राक्षस. १० मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी (खालची बाजू) निवड, वर यूएसबी (वरची बाजू). मग आकडा हळूहळू सरकव, माणूस माणसासारखा बोलायला लागला की थांब. बहुतेक जण पूर्ण किलोहर्ट्झवर बसतात, तेव्हा ७०९० किंवा १४२१० असा पूर्ण आकडा टाकून बघितलं तरी बऱ्याचदा जमतं.

धबधब्यात आडवी फ्रिक्वेन्सी, उभा काळ. बारीक तुटक रेघ म्हणजे मोर्स. मक्याच्या कणसासारखा जाड खडबडीत पट्टा म्हणजे बोलणं. १४०७४ ला शेजारी शेजारी चिकटलेल्या सरळ रेघा दिसतील, दर १५ सेकंदांनी एकदम थांबून पुन्हा सुरू होणाऱ्या. ते एफटी८, संगणकांचं आपसातलं बोलणं, कानाने समजत नाही. ते २०१७ मध्ये आलं. काढणाऱ्या दोघांपैकी जो टेलर यांना १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालंय.

उंबरठा, तुमच्या वेळेच्या प्रश्नाकडे येतो. मी रत्नागिरीजवळ असतो, व्हीयू३ने सुरू होणारं भारतीय कॉल साइन आहे, घर समुद्राच्या बाजूला, आवाज कमी. शॉर्टवेव्ह लांब जाते ती वर आयनोस्फिअरच्या, म्हणजे वातावरणातल्या उंच विद्युतभारित भागाच्या, एफ थरावर परावर्तित होऊन. दिवसा त्याच्या खाली डी नावाचा थर तयार होतो, तो खालच्या फ्रिक्वेन्सी गिळतो. म्हणून ७ मेगाहर्ट्झवर सकाळी फार तर शेजारची राज्यं, आणि अंधार पडला की तोच बँड खंड ओलांडतो. १४ मेगाहर्ट्झला उलट उजेड लागतो. आपल्या संध्याकाळी साडेसात ते दहा म्हणजे युरोपात दुपार. तेव्हा वाटेतला बराचसा भाग अजून उजेडात किंवा कातरवेळेत असतो आणि भारताचा सिग्नल हॉलंडला नीट पोहोचतो.

हे कानाने तपासायची एक सुंदर सोय आहे. १४१०० किलोहर्ट्झ, मोर्स मोडमध्ये. जगभर १८ बीकन, म्हणजे ठरलेला सिग्नल आपोआप पाठवणारी केंद्रं आहेत, पाळीपाळीने प्रत्येकी १० सेकंद, पूर्ण फेरी ३ मिनिटांची. प्रत्येक बीकन आधी आपलं नाव मोर्समध्ये सांगतो, मग एकेक सेकंदाच्या चार लांब शिट्ट्या देतो. पहिली १०० वॉटची, मग १०, मग १ आणि शेवटची वॉटच्या दहाव्या भागाची. किती शिट्ट्या ऐकू आल्या ते मोजायचं, त्यावरून रस्ता किती उघडा आहे ते कळतं. फेरी तासाच्या ठोक्याला सुरू होते. आपली वेळ अर्ध्या तासाने सरकलेली असली तरी ३० ला ३ ने भाग जातो, त्यामुळे आपल्या घड्याळावरही ती बरोबर बसते. फेरी सुरू झाल्यापासून दीड मिनिटाने श्रीलंकेच्या ४एस७बीची पाळी येते. हॉलंडच्या रिसीव्हरवर श्रीलंका ऐकू आली की समजायचं, आपल्या बाजूचा रस्ता खुला आहे. सगळे बीकन सगळ्या दिवशी चालू असतातच असं नाही, तेवढं लक्षात ठेवा. वेग मिनिटाला २२ शब्द असतो, तुमच्या वडिलांना जमेल.

आणि सूर्याची लहर सांभाळायची. १० मे २०२४ ला मोठं सौर वादळ आलं तेव्हा मी रात्रभर बसलो होतो. वरचे बँड असे मेले की वाटलं फीडर (अँटेनाची केबल) तुटला. छतावर जाऊन जोड तपासून आलो. मग जगभरचे रिसीव्हर एकेक करून उघडले, सगळीकडे तेच. तेव्हा जिवात जीव आला.

---

तापीकाठ

शॉर्टवेव्हच्या लहरी सांभाळायच्या नसतील तर उपग्रह ऐका. क्यूओ-१००. कतारचा एस'हेल-२ नावाचा टीव्ही प्रसारणाचा उपग्रह १५ नोव्हेंबर २०१८ ला गेला, त्यावर हॅमसाठी वेगळे ट्रान्सपाँडर (आलेला सिग्नल परत खाली पाठवणारी यंत्रं) बसवलेत. भूस्थिर कक्षेतला हा पहिलाच हॅम उपग्रह. आकाशात एका जागी उभा, त्यामुळे २४ तास रस्ता उघडा. ब्राझीलपासून थायलंडपर्यंतचे लोक त्यावर भेटतात. ब्रिटनमध्ये कॉर्नवॉलच्या गूनहिली केंद्रावर त्याचा वेब रिसीव्हर आहे, तो उघडला की सगळा अरुंद ट्रान्सपाँडर एका नजरेत दिसतो.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आधी महिनाभर गूनहिलीच ऐकलं. कुठला सिग्नल कसा दिसतो ते डोळ्यात बसलं. मग भंगारातून जुनी डिश आणली, ९७५० मेगाहर्ट्झवाला युनिव्हर्सल एलएनबी (डिशसमोरचा, फ्रिक्वेन्सी खाली आणणारा भाग) लावला आणि आरटीएल-एसडीआरचा डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर) जोडला. उपग्रह खाली १०४८९.५ मेगाहर्ट्झपासून पाठवतो, त्यातून ९७५० वजा झाले की ७३९.५. ते डोंगलच्या आवाक्यात येतं. आपल्याकडून तो पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे कललेला. मुंबईहून साधारण ३३ अंश उंचीवर. पहिल्या दिवशी मधल्या बीकनची रेघ उठली तेव्हा मी ओळखली, कारण ती रोज गूनहिलीवर बघितली होती. नाहीतर डिश कुठे वळवायची ते मला कळलंच नसतं.

शून्यबीट सर, म्हणून मला वाटतं दुसऱ्याचा रिसीव्हर ऐकूनही मेहनत शिकता येते.

---

शून्यबीट

दोन दिवस हा धागा परत परत वाचला. पांढरी_काठी, तुमचं म्हणणं बरोबर आहे, मी घाईने लिहिलं. तापीकाठ, भंगारातली डिश वाचून मला माझा पहिला व्हॉल्व्हचा सेट आठवला. शाब्बास.

उंबरठा, वडिलांसाठी थोडं सांगतो. मोर्स मोड निवडल्यावर फिल्टर अरुंद करा, ३००-४०० हर्ट्झ पुरे. शेजारचे सिग्नल जातील, कानावरचा ताण कमी होईल. शिट्टीचा सूर खाली आणा, ६०० च्या आसपास. म्हाताऱ्या कानांना उंच सूर टोचतो, मी स्वतःवरून सांगतो. रेकॉर्डिंगचं बटन आहे, एखादा कॉल निसटला तर परत ऐकता येतो. शनिवार-रविवारी स्पर्धा असतात, तेव्हा सगळे सुसाट मारतात, त्या दिवशी नाउमेद होऊ देऊ नका. बँडच्या वरच्या बाजूला, १४०५० च्या पुढे हळू मारणारे जास्त भेटतात.

निरोप घेताना हॅम ७३ म्हणतात, हे त्यांना सांगा. ते आकडे रेडिओच्या आधीचे, तारायंत्राच्या जमान्यातले. मुळात आम्हीच त्यांच्या खात्यातून उचललेत.

एक मात्र सगळ्यांना. हे रिसीव्हर कुणीतरी स्वखर्चाने चालवतो. न्यूझीलंडच्या हॅमने बनवलेला किवीएसडीआर (असाच इंटरनेटवरून ऐकायचा दुसरा रिसीव्हर) तर एका वेळी साधारण चारच माणसांना जागा देतो. झोपताना पान उघडं ठेवू नका, दुसरा कुणी बाहेर थांबलेला असतो.

---

नवशिकी

बाहेर रांग असते हे माहीत नव्हतं, आता लक्षात ठेवीन. बदक गेलं, माणूस आला! ७ मेगाहर्ट्झवर एक आजोबा दुसऱ्यांना पाऊस किती पडला ते सांगत होते. परीक्षेबद्दल कुणी सांगेल का? मोर्स यावंच लागतं का?

---

खारेवारे

ऐकायला परीक्षा नको. पाठवायचं असेल तर परवाना हवा, त्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही, जनरलला मिनिटाला ८ शब्द. १२ वर्षं पूर्ण झालेलं मूलही बसू शकतं. अभ्यासाला चार-सहा आठवडे द्या, नियमांचा भाग मनापासून वाचा. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत भारती प्रसाद, व्हीयू४आरबीआय, पोर्ट ब्लेअरला हॅम मोहिमेवर होत्या. बाकी संपर्क तुटला तेव्हा अंदमानातल्या माणसांची खबर मुख्य भूमीवर पोहोचवायला त्यांचा सेट उपयोगी पडला. तिथे गेल्या होत्या हौसेसाठी. म्हणून हौस नीट शिकून करावी.

उंबरठा, मला एक सुचतंय. मी स्वतः पाठवताना अनेकदा ट्वेंटे उघडून ठेवतो. इंटरनेटवरून आवाज क्षणभर उशिरा येतो, त्यामुळे की (मोर्स मारायची कळ) सोडल्यावर माझीच शेवटची दोन अक्षरं सुमारे सात हजार किलोमीटरवरून परत ऐकू येतात. त्यावरून अँटेना कसा चाललाय ते कळतं. येत्या रविवारी संध्याकाळी ८ ला मी १४०५५ वर, मोकळं असेल तर, सीक्यू देतो. मिनिटाला १२ शब्द, हाताने, जुन्या कीवर. तुमचे वडील ट्वेंटेवरून ऐकू देत. मी रत्नागिरीहून, ते पुण्यात, मधे हॉलंड.

---

उंबरठा

काय बोलू. बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "बारा? एवढं हळू कशाला?" आणि मग शनिवारी दुपारी झोपले नाहीत, सराव करत बसले.

---

आइंडहोवनकर

रविवारी इथे दुपारचे साडेचार असतील, उन्हाळी वेळ चालू आहे. मीही ऐकतो.

---

उंबरठा

रविवारचं सविस्तर लिहितो, कारण बाबांनी लिहायला सांगितलंय.

साडेसातलाच बसलो. आधी १४१०० वर श्रीलंकेची पाळी धरली. दोन शिट्ट्या स्पष्ट, तिसरी अंदाजाने. म्हणजे रस्ता होता. आठला दोन मिनिटं कमी असताना १४०५५ टाकलं, फिल्टर शून्यबीट सरांनी सांगितला तसा. धबधब्यात काही नाही. आठ वाजले. आठ वाजून एक. बाबा म्हणाले, "लाइन पडली असेल." मग एकदम एक फिकट तुटक रेघ उठली.

बाबांनी कागद घेतला. मी काही बोललो नाही. सीक्यू सीक्यू सीक्यू डीई (म्हणजे "कडून") व्हीयू३ आणि पुढची तीन अक्षरं. तिसरं अक्षर पहिल्या वेळी आवाज खाली गेला म्हणून चुकलं, तिथे त्यांनी छोटी रेघ मारून जागा सोडली. तार ऑफिसात असंच करायचे म्हणे, अंदाजाने अक्षर भरायचं नाही, जागा सोडायची. दुसऱ्या फेरीत ते अक्षर आलं आणि त्यांनी रिकाम्या जागेत बसवलं.

चौथ्या सीक्यूला इटलीचा एक स्टेशनवाला परतला. तो फार जोरात ऐकू येत होता, हॉलंडच्या जवळचा. त्याने खारेवारेंना ५५९ दिला, म्हणजे सिग्नल किती स्पष्ट आणि किती जोरात येतोय त्याचे गुण. खारेवारेंनी त्याला ५७९. हवामान, अँटेना, नाव. बाबांनी दोन्ही बाजू लिहिल्या, एका पानावर दोन रकाने करून. मधेच म्हणाले, "हा आपला माणूस हाताने मारतोय. डॅश जरा लांब ओढतो, घाई नाही. दुसरा यंत्राने मारतोय, सगळी अक्षरं एका मापाची." तेरा मिनिटं चाललं. शेवटी ७३ आलं तेव्हा त्यांनी ते लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या, तार पूर्ण झाल्यावर ओढायचे तशा.

कागदाचा फोटो टाकत नाही, त्यावर खारेवारेंचं कॉल साइन आहे, ते त्यांनी सांगितलं तरच.

---

खारेवारे

खरंच मी डॅश लांब ओढतो. माझ्या गुरुजींनीही हेच सांगितलं होतं, बाकी कुणी कधी ओळखलं नव्हतं. फोटो टाका. आणि त्या इटालियनचं नाव मला नीट मिळालं नाही, पहिलं अक्षर वाऱ्यात गेलं. बाबांच्या कागदावर असेल तर कळवा, मला लॉगमध्ये लिहायचंय.

---

उंबरठा

आहे. एफ. फ्रँको. बाबांनी सगळी अक्षरं लिहिलीत, एकही जागा सोडलेली नाही. आणि विचारतायत, उद्या तुम्ही किती वाजता बसता?